पहिली ॲनिमेटेड मालिका: कुठली निवडायची, कशी बघायची (कूलर, लाईट आणि दीड जीबी सांभाळून)

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायची सोय नसते. याच चार तासांत बरेच जण पहिल्यांदा एखादी ॲनिमेटेड मालिका लावतात आणि तिथेच फसतात. कुणीतरी मित्र सांगतो, "भो, वन पीस बघ." गडी १९९९ सालच्या पहिल्या भागापासून बसतो. ती जपानी ॲनिमेटेड मालिका (यालाच ॲनिमे म्हणतात) अजून चालूच आहे आणि भाग अकराशेच्या वर गेलेत. आठवडाभरात हा थकतो आणि 'हे ॲनिमे-बिनिमे आपल्याला झेपत नाही' म्हणून मोकळा होतो. दोष त्याचा नाही आणि वन पीसचाही नाही. चौथीतल्या पोराला थेट दहावीच्या बाकावर बसवलं, एवढंच.

माझं मत सरळ आहे: पहिली मालिका संपलेली हवी. शेवट काय करायचा हे माहीत असलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट आणि टीआरपी आहे तोवर ताणलेली गोष्ट यांतला फरक कळला, की पुढे काय बघायचं ते तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

आधी जमवून ठेवा

- मोबाईल किंवा टीव्ही. मोबाईलवर बघणार असाल तर साधे वायरचे इअरफोनही चालतील.
- डाउनलोडसाठी मोबाईलमध्ये ४-५ जीबी रिकामी जागा.
- अधिकृत ओटीटीचं खातं. घरचं एकच खातं असेल तर त्यात स्वतःचं वेगळं प्रोफाईल. नाहीतर तुम्ही दहाव्या भागावर असता आणि भाचा तिसाव्यावर नेऊन ठेवतो.
- एक वही. ही गंमत नाही, खाली दोन ठिकाणी लागणार आहे.

टेलिग्रामवरून किंवा कुठल्या तरी एपीके फाईलमधून मालिका उतरवायच्या भानगडीत पडू नका. व्हायरसचं सोडा, तिथे भागांचे क्रमांक चुकलेले असतात आणि दृश्यं कापलेली असतात. अर्धी मालिका बघून झाल्यावर ते लक्षात येतं.

## १. संपलेली आणि मोजकी मालिका निवडा

साठ-पासष्ट भागांच्या आतली निवडा. एक भाग साधारण २२ ते २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं तर गोष्ट वीस-एकवीस मिनिटांची उरते.

माझी पहिली शिफारस अवतार: द लास्ट एअरबेंडर. अमेरिकेत निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात आली. तीन पर्वं, २० + २० + २१ असे ६१ भाग. रोज तीन बघितले तर २१ दिवसांत संपते, म्हणजे एका मे महिन्याचं काम. घरात बारा वर्षांचं पोर असो की चाळिशीचे काका, दोघांनाही चालते.

थोरांसाठी फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड, ६४ भाग, २००९-१०. तिची मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा जपानमधल्या होक्काइदोतल्या दूधवाल्या शेतकरी घरातल्या. चित्रकार व्हायच्या आधी सात वर्षं त्यांनी घरच्या गोठ्यात आणि शेतात राबून काढली. 'काहीतरी मिळवायचं तर तेवढंच काहीतरी द्यावं लागतं' हा त्या कथेचा कणा आहे. केळीच्या बागेला वर्षभर जपणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

लाईटचा भरवसा नसेल, मधेच बंद करावं लागत असेल, तर काउबॉय बीबॉप घ्या. २६ भाग, १९९८ ची. बहुतेक भाग सुटे, एक चुकला तरी बिघडत नाही. लहान मुलांबरोबर बघायला ग्रॅव्हिटी फॉल्स, दोन सीझन मिळून ४० भाग, २०१२ ते २०१६. डेथ नोट ३७ भागांची, वेगवान, आणि कॉलेजच्या पोरांमध्ये सगळ्यात लोकप्रिय. पण पंचविसाव्या भागानंतर ती उतरते असं माझं पक्कं मत आहे. तिथे थांबलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

## २. क्रम वहीत लिहून मगच प्ले दाबा

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. एकाच नावाच्या दोन मालिका, मधेच सिनेमा, सिनेमाचीच पुन्हा मालिका: ओटीटीच्या पडद्यावर हे सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं आणि आधी कुठलं ते कुणी सांगत नाही.

फुलमेटल अल्केमिस्ट दोनदा झाली. २००३ ची ५१ भागांची आणि २००९ ची ब्रदरहूड. पहिली सुरू झाली तेव्हा मूळ चित्रकथा अर्धवट होती, त्यामुळे मालिकावाल्यांनी पुढची गोष्ट स्वतः रचली. दुसरी चित्रकथेबरोबर चालली आणि तिच्याबरोबरच २०१० मध्ये संपली. म्हणजे दुसरी ही पहिलीचा पुढचा भाग नाही, तीच गोष्ट नव्याने सांगितली आहे. एक संपवून दुसरी 'पुढचा सीझन' म्हणून लावली तर पहिल्याच भागात डोकं चक्रावतं. नवख्याने ब्रदरहूडच बघावी.

डीमन स्लेयरचा सापळा वेगळा. पहिल्या सीझनचे २६ भाग (२०१९) झाले की पुढची कथा 'मुगेन ट्रेन' या २०२० च्या सिनेमात आहे. तोच सिनेमा पुढच्या वर्षी सात भागांत कापून टीव्हीवर दाखवला. त्यातला पहिला भाग तेवढा नवा, उरलेले सहा म्हणजे सिनेमाच. दोन्हीतलं एकच बघा. आणि दोन्ही सोडून तिसरीकडे उडी मारू नका, कारण त्या रेल्वेत जे घडतं त्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

अटॅक ऑन टायटनचा 'फायनल सीझन' २०२० च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात संपला. 'फायनल' हा शब्द बघून शेवट जवळ आला असं समजू नका.

ड्रॅगन बॉल: आधी साधी ड्रॅगन बॉल (१५३ भाग), मग झेड (२९१), मग सुपर (१३१). झेडमध्ये एक ग्रह 'पाच मिनिटांत फुटणार' असं खलनायक सांगतो आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग चालतात. एवढा धीर नसेल तर झेडऐवजी २००९ पासून आलेली काई बघा. तीच कथा, पाणी काढून टाकलेली.

अवतारला ही डोकेदुखी नाही. ६१ भाग सरळ. त्यानंतर हवी असेल तर लेजंड ऑफ कोरा, ५२ भाग. कोरा आधी बघू नका. पहिल्या मालिकेचा शेवट तिथे पाच मिनिटांत कळून जातो.

वहीत असं लिहा: मालिकेचं नाव, साल, भाग किती, सिनेमा कुठल्या भागानंतर. चार ओळींचं काम आहे.

## ३. फिलर ओळखा

फिलर म्हणजे भरीचा भाग. जपानी साप्ताहिकात चित्रकथेचं एक प्रकरण आठवड्याला येतं, सतरा ते वीस पानांचं. मालिकेचा एक भाग अशी दोन प्रकरणंसुद्धा सहज खातो. वर्ष-दोन वर्षांत मालिका चित्रकथेला गाठते. मग थांबता येत नाही म्हणून मधे कुठल्याशा गावाची, कुठल्याशा चोराची गोष्ट घुसडतात. वरणात पाहुणे वाढले की पाणी वाढतं, तसंच.

नारुतो हे ठळक उदाहरण. २००२ ते २००७, २२० भाग. १०१ ते १०६ भरीचे आहेत, आणि १३६ पासून २१९ पर्यंत जवळजवळ सगळेच. म्हणजे १३५ बघा, मग थेट २२०, आणि मग 'शिप्पुडेन' सुरू करा. ती तब्बल ५०० भागांची आहे, आणि तिच्यातही भर भरपूर. म्हणूनच पहिली मालिका म्हणून मी नारुतो कुणालाच सांगत नाही. ती तिसरी किंवा चौथी ठीक.

आता बहुतेक नव्या मालिका १२-१३ भागांच्या हप्त्यांत येतात आणि मधे थांबतात, त्यामुळे फिलर कमी झालेत. पण 'उजळणीचे' भाग असतात. ब्रदरहूडचा २७वा भाग असाच, आधीच्या दृश्यांची जोडाजोडी. सोडला तरी चालेल. अवतारमध्ये पहिल्या पर्वाचा ११वा भाग चाहत्यांमध्ये बदनाम आहे. इतका, की तिसऱ्या पर्वात मालिकेने स्वतःच त्याची टिंगल केली आहे. तो गाळा, पण १२वा अजिबात गाळू नका. का, ते सातव्या पायरीत.

## ४. भाषा एकच ठरवा

मराठी डबिंग फार थोडं मिळतं, हिंदी आता बऱ्याच मालिकांना आहे. हिंदीत बघण्यात काही कमीपणा नाही. जपानी मालिकांना हिंदी आवाज बरा बसतो, त्याला एक साधं कारण आहे: अमेरिकेत बहुधा आधी आवाज रेकॉर्ड करतात आणि त्यावर ओठ काढतात, जपानमध्ये बहुधा आधी चित्र आणि नंतर आवाज. शिवाय त्यांची पात्रं बोलताना तोंडाच्या तीनच आकृत्या फिरतात: मिटलेलं, अर्धवट, उघडं. त्यावर कुठलीही भाषा खपून जाते.

चूक होते ती हिंदी आवाज आणि इंग्रजी सबटायटल एकदम लावल्यावर. इंग्रजी ओळी मूळ जपानीवरून केलेल्या, हिंदी संवाद वेगळ्या माणसाने ओठांच्या मापात लिहिलेले. कानावर एक वाक्य आणि डोळ्यांसमोर दुसरं. अर्ध्या तासात डोकं धरतं.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न म्हणजे पत्र्याचा कूलर. फुल स्पीडवर असला की टीव्हीचा आवाज तीसवर नेला तरी हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मारामारी आली की शेजारचे जागे होतात. यावर दोनच उपाय. इअरफोन घालून हिंदी, किंवा मूळ आवाज आणि सबटायटल. दुसरा निवडलात तर मालिका मोबाईलवर नको. वाचण्यात चित्र निसटतं.

## ५. दीड जीबीचा हिशोब आणि लाईट

साध्या दर्जात तासाला साधारण ०.७ जीबी जातो. म्हणजे २४ मिनिटांचा एक भाग २८० एमबीच्या आसपास, आणि रोजच्या दीड जीबीत पाच भाग. एचडीत हाच खर्च तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतो; मग एका भागातच दिवसाचा बहुतेक डेटा संपतो. ॲपमध्ये दर्जा 'ऑटो' असतो आणि नेटवर्क चांगलं मिळालं की तो आपोआप वर चढतो. सेटिंगमध्ये जाऊन तो हाताने खाली आणा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्यात रेंज येते-जाते. तिथे आणि रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला जाणाऱ्यांनी भाग आधी उतरवून ठेवलेले बरे. पण उतरवलेल्या भागालाही मुदत असते. काही भाग एकदा प्ले केले की ४८ तासांत बंद पडतात. म्हणून सगळे उघडून 'चालतंय ना' हे तपासत बसू नका.

मे महिन्यात चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर बघू नका. तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो आणि चित्र अडखळायला लागतं. लोक नेटला शिव्या देतात.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कमी दर्जात उजळ चित्र बरं टिकतं, काळोखाची वाट लागते. १९९२ ची बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरीज बघताना हे कळतं. तिच्यातली शहराची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेली आहे. पांढऱ्या कागदावर अंधार भरण्याऐवजी काळ्यावर हवा तेवढाच उजेड काढायचा, ही तिची सगळी करामत. २८० एमबीत त्याची नुसती काळी चौकटी-चौकटींची गोधडी होते. ही मालिका वायफाय असलेल्या आत्याकडे गेल्यावर बघा.

## ६. टीव्हीची एक सेटिंग बंद करा

नव्या टीव्हीत चित्र 'गुळगुळीत' करणारी सोय चालू येते. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ती बंद करा. सेकंदाला २४ चौकटी असतात, पण चित्रकार बहुधा बारा किंवा आठच चित्रं काढतो आणि प्रत्येक दोन-तीन चौकटी धरून ठेवतो. टीव्ही मधली खोटी चित्रं स्वतः घालतो आणि ठोसा मारणारा हात लोण्यात फिरल्यासारखा दिसतो.

अवतार, बीबॉप, बॅटमॅन या जुन्या चौकोनी पडद्याच्या मालिका आहेत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला चित्र ताणू नका, सगळी पात्रं बुटकी दिसतात.

ग्रॅव्हिटी फॉल्स बघताना 'पुढचा भाग आपोआप' हेही बंद करा. प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत एक सांकेतिक ओळ येते. पहिल्या सहा भागांत ती सोडवायची रीत एकच: प्रत्येक इंग्रजी अक्षर तीन घरं मागे न्यायचं, डी असेल तर ए. मुलांना वही द्या आणि बघा, दुपार कशी जाते.

## ७. तीन भागांचा नियम, आणि तो कुठे मोडायचा

तीन भागांत मन बसलं नाही तर सोडा, असं सगळे सांगतात. डेथ नोटला हा नियम लागू पडतो, तिचा पत्ता दुसऱ्या भागातच उघडतो. अवतारला पडत नाही. पहिले आठ-दहा भाग पोरकट वाटतात. १२व्या भागात नायक आणि त्याचा शत्रू दोघांचा भूतकाळ एकाच वादळात समोर येतो आणि तिथून मालिका मोठी होते. म्हणून अवतारला बारा भाग द्या. त्यानंतरही नाही आवडली, तर खरंच नाही आवडली.

## ८. खोलीत कोण बसलंय ते बघा

ओटीटीवर प्रत्येक मालिकेला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असं लेबल असतं. ते वाचा, चित्रावरून ठरवू नका. शिनचॅन पोरांचा वाटतो. त्याची मूळ चित्रकथा १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, की हॉलमधला टीव्ही तुमचा नसतो हे धरून चाला. "एवढा घोडा झाला तरी कार्टूनच बघतो" हे ऐकावं लागलं तर वाद घालू नका. मावशी-काकांना मोगलीची आठवण करून द्या. दूरदर्शनवर रविवारी सकाळी कामधंदे सोडून बघितलेली ती मालिका १९८९ ची, जपानमध्ये बनलेली, ५२ भागांची. तेही ॲनिमेच बघत होते.

## ९. एक दृश्य आवाज बंद करून बघा

मत बनवायचं असेल तर हे करावंच लागतं. टीव्ही मालिकेला सिनेमाएवढा पैसा आणि वेळ नसतो, त्यामुळे कुठे चित्रं खर्चायची आणि कुठे वाचवायची हे दिग्दर्शक ठरवतो. बोलताना फक्त तोंड हलतंय, केस स्थिर, मागे आकाशाचं एकच चित्र सरकतंय: तिथे वाचवलंय. वाचवलेलं सगळं कुठेतरी खर्च होतं. ते कुठे, हे शोधा.

अवतारमधली कुठलीही मारामारी घ्या, आवाज बंद करा आणि हातांकडे न बघता पायांकडे बघा. या मालिकेतली माणसं पाणी, अग्नी, हवा, माती अंगाच्या हालचालींनी चालवतात, आणि प्रत्येकाची चाल एकेका चिनी युद्धकलेवरून घेतलेली आहे. पाणी वापरणारे ताई ची पद्धतीने वजन एका पायावरून दुसऱ्यावर ओततात. अग्नीवाले उत्तर शाओलिनसारखे सरळ पुढे घुसतात. हवेवाले बागुआमधले, सतत गोल फिरत राहतात, समोर उभे राहतच नाहीत. आणि मातीवाले हुंग गार पद्धतीने पाय रोवून, गुडघे वाकवून उभे. जत्रेच्या आखाड्यात पैलवान पवित्रा घेतो, अगदी तसे. आता दुसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागातली तोफ नावाची आंधळी मुलगी बघा. तीही मातीचीच, पण तिचा पवित्रा इतरांपेक्षा वेगळा आहे, कारण तिच्यासाठी वेगळी पद्धत घेतली: दक्षिणी प्रेइंग मँटिस. ती अनवाणी असते आणि जमिनीच्या थरथरीवरून समोरचा कुठे आहे ते ओळखते. पाय जमिनीवरून उचलला की ती खरोखर आंधळी होते. आवाज बंद असतानाही हे कळतं.

## १०. 'मस्त आहे' लिहू नका

दर पाच भागांनंतर वहीत तीन ओळी: भाग क्रमांक, लक्षात राहिलेलं एक दृश्य, खटकलेली एक गोष्ट. मालिका संपल्यावर त्या वाचल्या की मत आयतं तयार असतं आणि वादात टिकतं. उदाहरणार्थ फुलमेटलबद्दल माझं: शेवट २००९ चाच, पण सुरुवात २००३ ची सरस. टकर नावाच्या शास्त्रज्ञाच्या लहान मुलीची गोष्ट ब्रदरहूड चौथ्या भागात उरकून टाकते. २००३ ची मालिका त्या मुलीला आधी घरात खेळू देते, वाढदिवसाला बसवते, आणि मग जे होतं ते पोटात गोळा आणतं. म्हणून ब्रदरहूड पूर्ण झाल्यावर, आणि झाल्यावरच, २००३ चे सहावा आणि सातवा हे दोन भाग शोधून बघा. रात्री जेवणानंतर नको.